एकांकिका मधेच पडते आणि आपण मधेच दुरुस्ती करत बसतो

पावसाळा लागला की फोन सुरू होतात. एकांकिका स्पर्धांचा हंगाम तोंडावर आलेला असतो, कॉलेजच्या एखाद्या वर्गात बाकं भिंतीला लावून तालमी चाललेल्या असतात, आणि पलीकडून ठरलेलं वाक्य येतं: “दादा, सुरुवात मस्त जमलीय, शेवटही भारी आहे, फक्त मधे जरा पडतंय. एकदा येऊन बघाल का?”

मी जातो. काय दिसणार याचा अंदाज असतो, तरी जातो, कारण मुलं जीव ओतून करत असतात. पहिली दहा मिनिटं खरंच चांगली असतात. मग अठराव्या-विसाव्या मिनिटाच्या आसपास काहीतरी सैल होतं. भिंतीशी बसलेली बॅकस्टेजची मुलं मोबाइलकडे वळतात. रोज संहिता धरून बसणाऱ्या प्रॉम्प्टरचं पान नेमकं तिथेच चुकतं. आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे नट आवाज चढवतात. प्रसंगात ओरडण्यासारखं काही नसतं, पण पायाखाली आधार नाही हे नटाला सगळ्यांच्या आधी कळतं आणि तो घशाने ती पोकळी भरू बघतो.

यावर होणारे उपायही ठरलेले आहेत. पेस वाढवा. एक गाणं घाला. चहावाला नाहीतर पोस्टमन असं एखादं विनोदी पात्र आणा. फ्लॅशबॅक घाला, निळा लाइट टाका, मागे बासरी. मी स्वतः सुरुवातीची कित्येक वर्षं हेच सुचवत आलो. गाण्याला टाळ्या पडतात, पण गाणं संपल्यावर प्रसंग होता तिथेच उभा असतो. पेस वाढवला की तोच वाद लवकर बोलून होतो, गोष्ट मात्र पुढे सरकत नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, तसं हे चालतं.

आज मी जे ठामपणे सांगू शकतो ते एवढंच: एकांकिका विसाव्या मिनिटाला पडताना दिसते, पण ती मोडलेली असते तिसऱ्या-चौथ्या पानावर. दुरुस्ती तिथे करायची. मधल्या भागाला हात लावायची गरज बऱ्याचदा उरतच नाही.

आधी दुखणं संहितेचंच आहे ना, हे बघा

सगळ्यांना गोल बसवा. हालचाल नाही, अभिनय नाही, संगीत नाही. नुसतं सरळ वाचन करा, आणि ज्यांनी ही संहिता ऐकलेली नाही असे दोन-तीन जण समोर बसवा. वाचताना ते गुंतून राहिले आणि उभं राहून करताना मात्र पडतंय, तर दोष बसवण्यात आहे. एन्ट्री-एक्झिट, जागा, लांबलेले ब्लॅकआउट, न सांभाळलेले पॉझ, यांत तो सापडेल. त्यासाठी पुढचं काही वाचायची गरज नाही, दिग्दर्शकाबरोबर बसा.

वाचतानाही त्याच पानावर माणसं चुळबुळ करू लागली, तर दोष कथानकात आहे.

चिठ्ठ्यांची तपासणी

प्रत्येक प्रसंग एकेका चिठ्ठीवर लिहा. एकच वाक्य, आणि त्यात क्रियापद हवं. ‘वडील आणि मुलाचं नातं’ हा प्रसंग होत नाही. ‘मुलगा वडिलांपासून पावती लपवतो’ हा होतो. मग चिठ्ठ्या जमिनीवर ओळीने मांडा आणि प्रत्येक दोन चिठ्ठ्यांच्या मधे एक जोडशब्द ठेवा. ‘म्हणून’ चालेल, ‘पण’ चालेल, ‘तरीही’ चालेल. जिथे ‘मग’ किंवा ‘नंतर’ याशिवाय काही बसतच नाही, तिथे खडूने खूण करा.

मराठीत गोष्ट सांगताना आपल्या तोंडी ‘मग’ इतक्या सहज येतो की तो किती दुबळा सांधा आहे हे लक्षात येत नाही. बाजारात गेलो, मग भाजी घेतली, मग अमुक भेटला. ऐकणारा हुं हुं करत राहतो, कारण पुढचं काही आधीच्यातून निघालेलं नसतं. सलग तीन चिठ्ठ्यांच्या मधे ‘मग’ आला की प्रेक्षक सुटतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की त्याबद्दल शंका उरलेली नाही.

दुसरी तपासणी त्याहून कठोर आहे आणि ती फार जुनी आहे. एक चिठ्ठी उचला. तिच्यावाचून गोष्ट तशीच चालू राहिली तर ती चिठ्ठी गोष्टीचा भाग नव्हती. ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’ या नाट्य-काव्यावरच्या ग्रंथात हेच सांगितलंय: जो भाग असला-नसला तरी फरक दिसत नाही, तो त्या पूर्णाचा अवयवच नव्हे. प्रसंगांमागून प्रसंग येतात पण त्यांना जोडणारी अपरिहार्यता नाही, अशा कथानकाला तो सगळ्यांत वाईट म्हणतो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्समध्ये लिहिलेलं हे वाक्य आपल्या तालमीच्या खोलीतही लागू पडतं, याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

गिरणीची एकांकिका

एका तालुक्याच्या गावच्या ग्रुपबरोबर केलेलं काम सविस्तर सांगतो, म्हणजे मुद्दा हातात येईल.

आबा नावाचा पिठाच्या गिरणीचा मालक. मुलगा संजय, सून वंदना. गिरणीची जागा रस्त्याला लागून, मोबाइलच्या दुकानासाठी गिऱ्हाईक आलेलं. मुलगा म्हणतो, विकूया. आबा म्हणतात, माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. इथवर सात मिनिटं, आणि ती अप्रतिम होती. डबे ठेवायच्या पद्धतीवरून कोणाचं दळण आधी, बाजरीनंतर गहू घेतला तर पिठाचा रंग बदलतो म्हणून बायका कशा कुरकुरतात, हे सगळं लिहिणाऱ्या पोराने डोळ्यांनी बघितलेलं होतं.

पुढे? शेजारी येतो, त्याच्यासमोर तोच वाद. आबांना वारलेली बायको आठवते, फ्लॅशबॅक. एक पुढारी येऊन आश्वासन देऊन जातो. आबांना स्वप्न पडतं. मुलगा पुन्हा तेच विचारतो, आबा पुन्हा तेच सांगतात. शेवटी आबा छातीला हात लावून कोसळतात, गिरणीचा आवाज, अंधार.

चिठ्ठ्या मांडल्या. सातव्या मिनिटानंतर सलग चार ‘मग’. शेजारी, फ्लॅशबॅक, पुढारी, स्वप्न यांचा क्रम उलटसुलट केला तरी काही बिघडेना. मुलांचे चेहरे उतरले. मी विचारलं, “आबांना काय हवंय?”

“गिरणी विकायची नाहीये.”

“हे काय नकोय ते झालं. हवंय काय?”

बराच वेळ कोणी बोललं नाही.

अशा बहुतेक एकांकिकांचं दुखणं इथेच असतं. नायकाच्या वाट्याला फक्त नकार येतो. आणि नकार जागेवर बसूनही देता येतो. एकदा ‘नाही’ म्हटल्यावर पुढच्या अर्ध्या तासात ते पुन्हा पुन्हा म्हणण्यापलीकडे त्याला काम उरत नाही. मग लेखक बाहेरून माणसं आणतो, त्यांना ऐकवण्यासाठी. माणसाला काहीतरी मिळवायचं असेल तरच तो खुर्चीवरून उठतो, कुणाच्या दारात जातो, खोटं बोलतो, कुणाला दुखावतो. प्रसंग त्यातून तयार होतात.

तोडगा मी काढलेला नाही. वंदनाची भूमिका करणारी मुलगी कोपऱ्यात बसली होती, तिला आख्ख्या संहितेत नऊ वाक्यं होती. ती म्हणाली, “संजयने इसार आधीच घेतलेला असेल तर? आणि खर्चही झालेला असेल तर?”

खोलीतली हवाच बदलली. इसार पन्नास हजार. सोमवारी खरेदीखत, नाहीतर त्याआधी पैसे परत. आज शनिवार. आता आबांच्या ‘नाही’ला किंमत आली आणि मुदत आली. त्यांना सोमवारच्या आत पन्नास हजार उभे करायचेत. कुठून? मंचावर तर फक्त गिरणी आहे, बाहेर कुठे नेता येत नाही.

आणि मग आमच्या लक्षात आलं की उधारीची वही पहिल्या तालमीपासून खिळ्याला टांगलेली होती. नेपथ्य म्हणून. तिला कोणी हात लावत नव्हतं. आबांनी वर्षानुवर्षं कोणाकडे दळणाचे पैसे मागितलेले नव्हते. गावात त्यांचा मान होता तो त्यासाठीच. आता ते वही काढतात आणि डबा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाकडे बाकी मागू लागतात. पहिल्या बाईकडे लाजत मागतात. दुसऱ्याकडे जरा कडक. शेजारी आला, जो आधीच्या संहितेत नुसता ऐकायला यायचा, तो आता सगळ्यात मोठा देणेकरी झाला आणि त्या दोघांची तीस वर्षांची मैत्री आपल्या डोळ्यांसमोर फाटली. गिरणी वाचवण्यासाठी आबा तीच गोष्ट खर्चून टाकतायत जिच्यामुळे ती गिरणी त्यांची होती. हा संघर्ष आम्ही बाहेरून आणला नव्हता, तो इसारातून आपोआप निघाला.

वही चाळता चाळता शेवटच्या पानांवर त्यांना वंदनाच्या अक्षरातला हिशोब सापडतो. तारीख त्यांच्या स्वतःच्या ऑपरेशनची. रक्कम पन्नास हजार. इसार कुठे गेला ते त्यांना कळतं.

ॲरिस्टॉटल कथानकाच्या दोन मोठ्या जागा सांगतो: उलटापालट आणि ओळख पटणं. एखादी कृती ज्यासाठी केली त्याच्या नेमकं उलट घडून येणं ही पहिली, अज्ञानातून ज्ञानाकडे जाणं ही दुसरी, आणि दोन्ही एकाच क्षणी आल्या तर सर्वांत उत्तम. त्याचं स्वतःचं उदाहरण सोफोक्लीसच्या ‘इडिपस’ या ग्रीक नाटकाचं आहे. कॉरिंथहून आलेला दूत राजाची भीती घालवायला म्हणून जे सांगतो, त्यातूनच राजा कोण हे उघडं पडतं. खुन्याला शोधणारा राजा स्वतःपाशी येऊन पोहोचतो. आमचे आबा देणेकऱ्यांना शोधत होते आणि वहीत त्यांना स्वतःचं नाव सापडलं. मुलांनी इडिपस वाचलेला नव्हता. चांगलं कथानक बांधलं की माणूस त्याच वाटेने जातो, एवढंच त्यातून दिसतं.

फ्लॅशबॅक, स्वप्न आणि पुढारी या तिन्ही चिठ्ठ्या आपसूक बाजूला पडल्या. कोणाला वाईटही वाटलं नाही.

निरगाठ हवी, सुरगाठ नको

नाटकाचे दोन भाग ॲरिस्टॉटल सांगतो, गाठ मारणं आणि गाठ सोडवणं. आपल्या भाषेत गाठीचेही दोन प्रकार आहेत, आणि ते इथे फार उपयोगी पडतात. सुरगाठ एक टोक ओढलं की सुटते. निरगाठ सुटत नाही, ती नखाने, दाताने सोडवावी लागते, नाहीतर दोरी कापावी लागते.

मधे पडणाऱ्या संहितांत बहुतेक वेळा सुरगाठ असते. ओळखायची कशी? दहाव्या मिनिटाला स्वतःला विचारा: हे पात्र आत्ता उठून निघून गेलं तर काय होईल? काहीच होणार नसेल तर प्रेक्षकाच्या मनातही तो विचार आलेला असतो. नवरा-बायको चाळीस मिनिटं भांडतात, पण ती बॅग घेऊन माहेरी का जात नाही, याचं उत्तर संहितेत नसतं. चार मित्र एका खोलीत एकमेकांची गुपितं काढतात, पण दार उघडंच असतं.

दार म्हटल्यावर ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवल्याशिवाय राहत नाही. १९६७ साली रंगभूमीवर आलेलं तेंडुलकरांचं हे नाटक कथानकाच्या अभ्यासासाठी मी प्रत्येकाला वाचायला लावतो. बाई बेणारे आणि सामंत सुरुवातीला हॉलमध्ये येतात, तेव्हाच कडीचा विषय निघतो. कडीत तिचं बोट सापडतं, आणि ती कडी जरा बाहेर राहिली आणि दार ओढलं तर माणूस आत अडकतो, हे सामंत सहज सांगून जातो. प्रेक्षक विसरतो. वेळ घालवायला म्हणून खोट्या खटल्याचा खेळ सुरू होतो, आणि पहिला अंक संपता संपता भ्रूणहत्येचा आरोप येऊन पडतो. पुढे बेणारे निघून जायला बघते तेव्हा दार उघडत नाही. लेखकाने ती पळवाट बंद केली, तीही इतक्या साध्या, आधी दाखवून ठेवलेल्या कडीने. ती कडी काढली तर पुढचा सगळा डोलारा ‘ही जात का नाही?’ या एका प्रश्नावर कोसळला असता.

कडी लोखंडाचीच असली पाहिजे असं नाही. पैसा, शब्द, लाज, मुदत, अंगावर घेतलेलं मूल, काहीही चालतं. श्रावणातल्या कहाण्या ऐकून वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’ हे वसा देतानाच सांगितलं जातं. तिथून पुढे ऐकणाऱ्याचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो: हा वसा टाकला कधी जाणार आणि टाकल्यावर काय होणार. आजीने माजघरात बसून सांगितलेल्या त्या पाच मिनिटांच्या कहाणीत बांधणीचं सगळं काम पहिल्या मिनिटात झालेलं असतं.

एका अंकात किती मावतं

आणखी एक कारण वारंवार दिसतं. तीन अंकी नाटकाचा आराखडा चाळीस मिनिटांत कोंबलेला असतो. इंटरनेटवर एक त्रिकोण सगळीकडे फिरतो: आरंभ, चढती कमान, उत्कर्षबिंदू, उतरती कमान, शेवट. तो गुस्टाव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ मध्ये मांडलेल्या आकृतीवरून आलेला आहे. फ्रायटागसमोर पाच अंकी नाटकं होती आणि त्याचा उत्कर्षबिंदू ऐन मधोमध होता. तो आराखडा एकांकिकेला जसाच्या तसा लावला तर परिचयातच दहा मिनिटं जातात आणि उतरत्या कमानीला काही उरत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात याचं फार समंजस उत्तर आहे, आणि ते आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही याची मला खंत वाटते. पाच संधी, म्हणजे कथानकाचे पाच टप्पे, आपण शाळा-कॉलेजात पाठ करतो: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. म्हणजे बीज पडणं, ते दिसू लागणं, मग मिळतंय-हरवतंय अशी ओढाताण, मोठी अडचण, आणि शेवटी सगळे धागे जुळणं. पण हे पाचही संधी ‘नाटक’ आणि ‘प्रकरण’ या मोठ्या रूपकांसाठी, म्हणजे नाट्यप्रकारांसाठी आहेत. व्यायोगात तीनच: मुख, प्रतिमुख, निर्वहण. भाण आणि वीथी यांत तर दोनच, मुख आणि निर्वहण. ही छोटी, एका अंकाची रूपकं. छोट्या आकारात गर्भ आणि विमर्श मावत नाहीत, ते तिथे भरू नयेत, हे तेव्हाच ठरवून ठेवलेलं आहे.

भासाचा ‘मध्यमव्यायोग’ घ्या. एक अंक. घटोत्कचाला आईच्या उपवासाच्या पारण्यासाठी एक माणूस न्यायचाय. वाटेत ब्राह्मण कुटुंब सापडतं, तीन मुलगे. एकाला द्या, बाकीचे सुटा. थोरला बापाला सोडवत नाही, धाकटा आईला, मधला आपणहून निघतो. जाण्याआधी पाणी पिऊन येतो म्हणतो, त्याला उशीर होतो. आईच्या जेवणाची वेळ टळतेय म्हणून घटोत्कच ‘मध्यम! मध्यम!’ अशा हाका मारतो. त्या हाका जवळच असलेला भीम ऐकतो, कारण कुंतीच्या तीन पांडव मुलांत तोही मधलाच, आणि मला कोण बोलावतंय म्हणून येतो. बाप आणि मुलगा समोरासमोर.

आता चिठ्ठ्या लावून बघा. एकाही जागी ‘मग’ बसत नाही. आज्ञा आहे म्हणून मागणी, मागणी आहे म्हणून निवड, उशीर झाला म्हणून हाक, नाव एकच म्हणून भीम. हवं ते काय, मुदत किती, पळवाट कशी बंद, सगळं पहिल्या काही मिनिटांत लागून जातं. वळण एकच आहे आणि ते एका शब्दावर फिरतं. तीन फ्लॅशबॅक घालणाऱ्या प्रत्येक ग्रुपला मी ही एकांकिका मोठ्याने वाचायला देतो.

थोडक्यात, तुमची एकांकिका गोष्टीच्या सुरुवातीला सुरू होत असेल तर ती उशिरा तापेल. गोष्ट बरीच पुढे गेलेली असताना पडदा उघडा. गिरणीच्या एकांकिकेच्या नव्या संहितेत इसार आधी तिसऱ्या प्रसंगात कळत होता. आम्ही तो पहिल्या चार मिनिटांत आणला.

कथा लिहिणाऱ्यांना इथे थोडी जास्त मोकळीक आहे. कथेत निवेदक असतो, तो एका परिच्छेदात दहा वर्षं मागे जाऊन येऊ शकतो आणि वाचकही मागचं पान उलटून बघू शकतो. प्रेक्षकाला ते जमत नाही. बाकी गाठीचा नियम दोघांना सारखाच.

छातीला हात लावून कोसळणं

स्पर्धांच्या एकांकिकांत शेवटी किती माणसं मरतात याची मोजदाद मी कधी केली नाही, पण मृत्यू, वेड लागणं, आणि ‘हे सगळं स्वप्न होतं’ हे तीन शेवट मधल्या पडझडीबरोबर हमखास येतात. त्याचं कारण उघड आहे. मधे गोष्ट पुढे गेली नाही, म्हणून शेवट आतून उगवत नाही, तो वरून आणावा लागतो. ॲरिस्टॉटलने युरिपिडीसच्या ‘मीडिया’ या नाटकाच्या शेवटाला, मंचावरच्या यंत्राने वरून आणलेल्या नायिकेच्या सुटकेला, नावं ठेवली ती यासाठीच. उकल कथानकातून यावी.

मग योगायोग अजिबात नको का? तसं नाही, आणि इथे कालिदासाकडून शिकण्यासारखं आहे. महाभारतातल्या शकुंतलेच्या गोष्टीत शाप नाही आणि अंगठीही नाही. राजाला सगळं आठवत असतं, तो दरबारात जाणूनबुजून नाकारतो, आणि आकाशवाणी होऊन प्रश्न मिटतो. कालिदासाने शाप आणि अंगठी आणली आणि आख्खं कथानक नव्याने बांधलं. दुर्वास शाप देतात तो काही आभाळातून पडत नाही. दुष्यंताच्या विचारात बुडालेल्या शकुंतलेला दारी आलेला अतिथी दिसत नाही, म्हणून शाप. ज्या प्रेमाने सुरुवात झाली त्यातूनच संकट निघालं. खुणेचा दागिना दिसला की शाप संपेल, हेही तिथेच ठरतं. सख्यांना ते माहीत आहे, आपल्याला माहीत आहे, तिला नाही.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाचा पुण्यातला पहिला प्रयोग, ३१ ऑक्टोबर १८८० चा, पहिल्या चारच अंकांचा होता. शाप चौथ्या अंकात आहे. म्हणजे त्या रात्रीचे प्रेक्षक गळ्यापर्यंत आलेली ती टांगती काळजी घेऊनच घरी गेले असणार. हे मनात आलं की मला अजून रोमांच उभे राहतात.

अंगठी पाण्यात पडते हा योगायोग. कोळ्याला ती माशाच्या पोटात सापडते हाही योगायोग. पण पहिला संकटात ढकलणारा आहे, आणि तसे योगायोग प्रेक्षक आनंदाने स्वीकारतो. दुसरा मदतीचा आहे, आणि म्हणूनच कालिदास तो शेवटी ठेवत नाही. अंगठी सहाव्या अंकाच्या आरंभी सापडते. तिने राजाला बायको मिळत नाही, आठवण मिळते, आणि आठवणीबरोबर पश्चात्ताप. तो आख्खा अंक जळत काढल्यावर सातव्या अंकात भेट होते. योगायोगाने सुख फुकट दिलेलं नाही.

तेव्हा तुमच्या शेवटाला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारा: शेवटच्या दोन मिनिटांत नायक काय करतो? ‘त्याला काय होतं’ हे उत्तर येत असेल तर शेवट बदलायचा आहे.

एक अपवाद मान्य करतो. काही एकांकिका मुद्दाम घटनेशिवाय असतात. वाट बघणं, रेंगाळणं, तोच तोच संवाद, हाच त्यांचा विषय असतो. त्यांना गाठीचा नियम लावू नका. पण तिथेही प्रत्येक पुनरावृत्तीत काहीतरी एक कण बदललेला असावा लागतो, आणि ते लिहिणं साधी गोष्ट लिहिण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. पडणाऱ्या संहितेला नंतर ‘ॲब्सर्ड’ म्हणून ती तशी होत नाही.

प्रयोग चार दिवसांवर असेल तर

सगळं नव्याने लिहू नका. नटांचं पाठांतर मोडेल आणि असलेलंही जाईल. एवढंच करा. पहिल्या पाच मिनिटांत एक मुदत आणा, एका वाक्यात, कोणाच्यातरी तोंडून. नंतर तीच मुदत दोनदा आठवण करून द्या, दुसऱ्यांदा ती जवळ आलेली असताना. मग ‘मग’वाल्या चिठ्ठ्यांतल्या दोन सरळ काढून टाका, त्यांतलं एखादं आवडतं वाक्य गेलं तरी. एकांकिका स्पर्धेच्या वेळेपेक्षा लहान झाली तर होऊ द्या. आणि मंचावर आधीपासून असलेली एखादी वस्तू शोधा जिला अजून कोणी हात लावलेला नाही. घड्याळ, कपाट, देव्हारा, सायकल. ती शेवटी कोणीतरी उचलू शकतं का, हे बघा. लेखकाने ती नकळत का होईना, काहीतरी जाणवूनच तिथे ठेवलेली असते.

दोन आठवडे हातात असतील तर मात्र तिसऱ्या पानापासून नव्याने लिहायला बसा. मुलं घाबरतात, मग दोन दिवसांत त्यांना त्यात मजा येऊ लागते.

गिरणीवाल्यांकडे नऊ दिवस होते. त्यांनी शेवट तीनदा लिहिला. एकात आबा सगळ्यांची माफी मागत होते, तो फार बोलका झाला. शेवटी राहिला तो असा: बाहेर सोमवार उजाडतोय, डबे रांगेत लागलेत. आबा वंदनाकडे वही मागतात, पेन मागतात. एकेक नाव वाचत समोरची बाकी खोडतात. मग खाली नवी ओळ ओढून लिहितात आणि लिहिताना मोठ्याने म्हणतात: “आबा. बाकी, पन्नास हजार.” वही पुन्हा खिळ्याला अडकवतात, पहिला डबा उचलतात आणि गिरणी चालू करतात. संजय खरेदीखताचे कागद घेऊन दारात उभा आहे. आवाजात त्याचं काही ऐकू येत नाही.

त्या दिवशी तालमीला प्रॉम्प्टरचं पान कुठेही चुकलं नाही.